ग्रुपमध्ये २४० जण, पण दोर वाळत घालायला तिघंच

तासगावहून एकानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांपूर्वी दहा-बारा जणांनी मिळून भटकंतीचा ग्रुप काढला. आता व्हॉट्सअ‍ॅपवर २४० जण आहेत. ट्रेकला कधी ४५ येतात, कधी सहा. धावपळ मात्र ठरलेली तीनच माणसं करतात. गेल्या डिसेंबरात वासोट्याच्या किल्ल्यावर दोघं मागे राहिले, बोटवाला वैतागला, परतताना अंधार पडला. त्यानंतर हिशेबावरून ग्रुपवर खडाजंगी झाली आणि दोन जुने मेंबर बाहेर पडले. आता क्लबची रीतसर नोंदणी करावी का, वर्गणी किती ठेवावी, वर्षभर काय काय घ्यावं आणि टी-शर्ट कोणत्या रंगाचा करावा, असं त्यांनी विचारलंय.

मी साताऱ्यात औषधांचं दुकान चालवते. १९९८ पासून इथल्या एका गिर्यारोहण क्लबात आहे, त्यातली अकरा वर्षं सचिव होते. म्हणजे डोंगर चढण्यापेक्षा फोन करण्यातच माझा जास्त काळ गेला. मी सांगेन त्याला साताऱ्याचा वास येणारच. आम्हाला घरातून निघून अर्ध्या तासात अजिंक्यताऱ्यावर जाता येतं, तुम्हाला तसं नाही. तेव्हा जे तुमच्याकडे लागू होणार नाही ते सोडून द्या.

तुम्ही प्रश्न चार विचारलेत, पण मला त्यात एकच दिसतो. तुमच्याकडे प्रवासी जमलेत, सभासद अजून व्हायचेत. प्रवासी पैसे भरतो, गाडीत बसतो, फोटो काढतो आणि जेवण उशिरा आलं की विचारतो, "हे काय नियोजन?" यात त्याचं काही चुकत नाही, कारण तुम्ही त्याला तेवढंच काम दिलंय. माझी एक साधी कसोटी आहे. ट्रेकहून आल्यावर ओला दोर कोणाच्या गॅलरीत वाळतो? मोठं पातेलं कोण घासतं? ही उत्तरं तीन वर्षांत बदलली नसतील, तर क्लब अजून जन्मलेला नाही, मग नोंदणीचा कागद असो वा नसो.

आधी वासोट्याचं बोलू, कारण तिथं तुम्ही थोडक्यात वाचलात. वासोटा कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोटीनं मेट इंदवलीला उतरायचं, तिथून जंगलातून दोन-अडीच तासांची चढण, आणि अंधार पडायच्या आत परत बोटीवर. वर मुक्काम करता येत नाही. म्हणजे या ट्रेकचं घड्याळ तुमच्या हातात नसतं, ते वनखात्याच्या आणि बोटवाल्याच्या हातात असतं. अशा ठिकाणी सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला जितका वेळ लागतो तितकाच ट्रेकचा वेळ धरायचा. तासगावहून बामणोलीला पोचायलाच चार तास जातात. सकाळी निघून त्याच दिवशी वासोटा करायचा म्हणजे पहिले चार तास उधारीवर घेतल्यासारखं आहे. आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम करा, सकाळी पहिल्या बोटीनं निघा, आणि नवख्यांना घेऊन ४५ जण तर मुळीच नेऊ नका.

पण दोघं मागे राहिले ते वेळेमुळे नाही. ते मागे आहेत हे कोणाला माहीतच नव्हतं, म्हणून राहिले. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण आमच्याकडेही तेच झालं होतं. २००३ च्या ऑगस्टमध्ये चंदन-वंदनच्या जोडकिल्ल्यांवर गेलो होतो. धुकं इतकं की पुढच्याची सॅक दिसत नव्हती. निघताना मोजले एकतीस, खाली उतरून मोजले एकतीस. सगळे चहाला बसले. कांदाभजीची दुसरी प्लेट येईपर्यंत कोणालाच पत्ता नव्हता की आमचा अकरावीतला एक पोरगा वर खिंडीतच आहे, आणि एकतिसावा म्हणून आम्ही मोजलेला माणूस दुसऱ्याच ग्रुपमधला, आमच्या चहावर आलेला! पोरगं शहाणं होतं, एका जागी बसून राहिलं. तासाभरात सापडलं. त्याची आई मात्र आजही रस्त्यात दिसली की मला तोंड चुकवावंसं वाटतं.

तेव्हापासून आम्ही डोकी मोजत नाही. जोड्या लावतो. गाडीतून उतरलं की प्रत्येकाला एक जोडीदार, शक्यतो अनोळखी. थांबलो की एकच हाक, "जोडी?" आणि प्रत्येकानं आपला माणूस बघून हात वर करायचा. आकडा चुकतो, चेहरा चुकत नाही. सगळ्यांच्या पुढे वाट दाखवणारा लीड, सगळ्यांच्या मागे बॅकलीड. बॅकलीडला आमच्यात 'शेपूट' म्हणतात, आणि शेपटाचा मान लीडपेक्षा मोठा. तिथं तालमीतला दणकट गडी नको, धीराचा माणूस हवा. दमलेल्याशी गप्पा मारत मारत त्याला वर आणणारा. शेपटाकडे शिट्टी, बॅटरी, औषधांची पेटी आणि एक लिटर जास्तीचं पाणी. शेपटाच्या मागे कोणीही थांबायचं नाही, लघवीला जायचं असलं तरी सांगून जायचं. आणि निघायच्या आधीच परतीची वेळ ठरवायची. दीड म्हणजे दीड. माथा दहा मिनिटांवर राहिला तरी वळायचं. पहिल्यांदा वळलात की लोक चिडतील. दुसऱ्यांदा तेच लोक इतरांना सांगतील, "आमच्यात असंच असतं."

आता मूळ मुद्दा, प्रवाशाचा सभासद कसा करायचा. कामाचे तुकडे पाडायचे आणि वाटायचे. नवा माणूस तिसऱ्यांदा आला की त्याला एक काम मिळतं आणि ते त्याचंच राहतं. एक जण हजेरी आणि फॉर्म बघतो, एक जण पेटी, एक जण चहा-पोहे, एक जण गाडी. आमच्याकडचा एक बँकेतला शिपाईमामा नऊ वर्षं फक्त दोर सांभाळायचा. त्यानं एकदाही दोरावर चढून बघितलं नाही, पण कोणता दोर कधी घेतला, किती वेळा वापरला, कुठं घासला, हे सगळं त्याच्या वहीत. दोराची वही हा विषय तुम्ही आज ना उद्या काढालच, म्हणून सांगते. दोर वापरला नाही तरी म्हातारा होतो. बनवल्यापासून दहा वर्षांपेक्षा जास्त तो ठेवायचा नाही, आणि नेहमी वापरात असेल तर त्याच्या खूप आधी काढायचा. सावलीत वाळवायचा, बॅटरीच्या अ‍ॅसिडजवळ किंवा डिझेलच्या कॅनशेजारी गाडीत टाकायचा नाही. बाद झालेल्या दोराचे मामा कात्रीनं हातभर तुकडे करायचे. का, तर अख्खा दोर कोणीतरी 'अजून चांगला आहे की' म्हणून परत वापरतं. तुकडे मग गुरं बांधायला जायचे.

हे सगळं सांगायचं कारण, मामांना कोणी कधी 'आलात तर बरं' असं म्हणावं लागलं नाही. दोर त्यांच्याकडे होता ना. माणसाला त्याच्यावाचून अडतं असं वाटलं की तो येतो.

लीड तयार करायला आम्ही घाई करत नाही. दोन वर्षं तरी जातात. तोच मार्ग त्यानं पावसात आणि उन्हाळ्यात दोन्ही वेळा केलेला असावा, शेपूट म्हणून किमान दहा ट्रेक झालेले असावेत, आणि एकदा तरी स्वतःहून ट्रेक रद्द केलेला असावा. या शेवटच्या अटीवर लोक हसतात. पण 'आज नको' म्हणता न येणाऱ्या माणसाच्या हाती मी माझी मुलगी देणार नाही. दोराच्या कामात शिरायचं असेल तर मात्र आपसांत शिकून भागत नाही. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेत महिनाभराचा बेसिक कोर्स करून आलेला माणूस हवा. आम्ही वर्षाला एकाला क्लबच्या पैशातून थोडी मदत देऊन पाठवतो, अट एवढीच की परत आल्यावर वर्षभर बाकीच्यांना शिकवायचं. असा माणूस तुमच्याकडे तयार होईपर्यंत धबधब्यावरच्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, भानगडीत पडू नका. पैसे त्यात बरे सुटतात हे मला माहीत आहे.

आमच्या साताऱ्याच्या प्रियांका मोहितेनं २०१३ मध्ये एव्हरेस्ट केलं, २०२१ मध्ये अन्नपूर्णा. तेव्हापासून आई-बाप पोरींना घेऊन येतात, "हिलाही एव्हरेस्ट करायचंय." मी त्यांना रविवारी सकाळी सहाला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला बोलावते. बऱ्याच जणी दुसऱ्या रविवारी येत नाहीत. ज्या येतात त्यातल्या दोघी आज आमच्या लीड आहेत.

हा रविवारचा अजिंक्यतारा म्हणजे आमच्या क्लबचा खरा खांब. फी नाही, नाव नोंदवणं नाही, मेसेज नाही. पाऊस असो, लग्नाची तीथ असो, सहा वाजता तिथं कोणी ना कोणी असतंच. कधी तीस, कधी आम्ही दोघीच. मोठ्या ट्रेकला कोण चालेल, कोणाचा गुडघा धरलाय, कोणाच्या घरी काय चाललंय, हे सगळं तिथं कळतं. नव्या माणसाला वासोट्याच्या आधी तिथं तीनदा यायला लावलंत तर तुमचे निम्मे प्रश्न सुटतील. तुमच्याकडे अजिंक्यतारा नसला तरी गावाजवळची एखादी टेकडी असेलच. उंची महत्त्वाची नाही, वार आणि वेळ पाळणं महत्त्वाचं. महिन्यातून एकदा मग दंडोबा करा. सागरेश्वर तर तुमच्या अगदी जवळ. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य बघायला लोक लांबून येतात आणि सांगलीकरांना ते पिकनिकपुरतं आठवतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. आणि बाणूरगड, म्हणजे भूपाळगड. बहिर्जी नाईकांची समाधी तिथं आहे. चढ फार नाही, बोलायला गोष्टी भरपूर. नवख्यांसाठी यापेक्षा चांगला पहिला किल्ला कोणता?

वर्षाचं वेळापत्रक विचारलंत. आमचं कसं बसलंय ते सांगते, पण ते हवेवर आणि सणांवर बसलंय, कागदावर नाही. मे महिन्यात खड्डे खणतो, जून-जुलैत झाडं लावतो आणि त्या झाडांना पुढच्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालायला कोण जाणार हे ठरल्याशिवाय एकही रोप घेत नाही. पावसात जवळचे आणि बिनधोक डोंगर, घसरड्या कड्यांवर नाही. सप्टेंबरात कास फुलतं तेव्हा शनिवार-रविवारी आम्ही क्लब म्हणून तिथं जात नाही. २०१२ मध्ये ते जागतिक वारशात गेलं तेव्हापासून गर्दीला आमची भर नको, असं ठरवलंय. जायचंच तर मधल्या वारी, चार-पाच जण. कोजागिरीला अजिंक्यताऱ्यावर मसाला दूध, बायका-पोरांसकट, आणि खरं सांगायचं तर नव्या सभासदांपैकी कित्येक जण या दुधावरच जोडले गेलेत. दिवाळीत गल्लोगल्ली पोरांनी केलेले मातीचे किल्ले बघत फिरायचं, बक्षीस नाही, फक्त पोरांना विचारायचं, "दरवाजा इकडेच का केला?" जी पोरं उत्तर देतात त्यांच्या घरी मे महिन्याच्या शिबिराचा फॉर्म जातो. थंडीत लांबचे ट्रेक, दातेगड, मकरंदगड, वैराटगड, आणि नांदगिरीचा कल्याणगड, जिथं गुहेत पाण्यातून आत जावं लागतं आणि भल्या भल्या दादांची बोबडी वळते. मग फेब्रुवारीपासून वणवे.

वणव्यांवर थोडं जास्त बोलते, कारण क्लब म्हणून माणसं जोडणारं दुसरं काही मी इतकं परिणामकारक पाहिलेलं नाही. आमच्याकडे यवतेश्वर, अजिंक्यतारा आणि आसपासचे डोंगर दरवर्षी पेटतात. बहुतेक वेळा माणसांच्याच हातून, 'जुनं गवत जाळलं की नवं चांगलं येतं' या समजुतीनं किंवा नुसत्या विडीच्या थोटकानं. वनखात्याला विचारून आम्ही जानेवारीतच जाळरेषा काढायला जातो, म्हणजे गवताचा पट्टा कापून साफ करायचा, की आग आली तर तिथं थांबावी. काम कंटाळवाणं, धुळीचं, फोटोला अजिबात चांगलं न दिसणारं. त्यामुळे तिथं जे येतात ते खरे. आणि रात्री दहाला फोन आला की झाडांच्या हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला गेलेली माणसं पुढे कधी हिशेबावरून भांडत नाहीत. सुती कपडे आणि बूट हवेत, सिंथेटिक टी-शर्ट घालून आगीजवळ कोणी जायचं नाही, वारा आगीला ज्या बाजूला नेतोय तिथं उभं राहायचं नाही आणि चढावर आगीच्या वरच्या बाजूला तर कधीच नाही, आग चढावर धावते. वनरक्षक नसेल तर मी माणसांना जाऊ देत नाही.

उन्हाळ्यात दुसरी भीती आग्या मोहोळाची. कडे, लेण्या, दरवाज्यांच्या कमानी, सगळीकडे पोळी असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा बंद. उठलंच मोहोळ तर हात झटकत बसायचं नाही. तोंड झाकून जमेल तितकं लांब निघून जायचं. काटे नखानं किंवा कार्डानं खरवडून काढायचे. ज्याला आधी कधी मधमाशी चावून श्वास लागला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या, त्यानं हे फॉर्मवर लिहिलंच पाहिजे. माझ्या धंद्यामुळे मी या बाबतीत फार कडक आहे. दमा, साखर, बीपी, फीट, चालू गोळ्या, सगळं लिहून घेते. लोक लपवतात, कारण त्यांना वाटतं नाव काढून टाकतील. मी आधीच सांगते, कोणाला गाळण्यासाठी नाही, शेपटाच्या पेटीत काय ठेवायचं ते कळण्यासाठी. पेटीत गोळ्यांचा डोंगर नको. ओआरएस, क्रेप बँडेज, स्वच्छ गॉज, कात्री, सॅनिटरी पॅड, आणि ज्याची त्याची रोजची औषधं ज्याच्या त्याच्याकडे. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तो अवयव न हलवता, माणसाला न चालवता सरकारी दवाखाना गाठायचा.

बायकांचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, म्हणूनच मला तो काढावासा वाटतो. १९९८ मध्ये मी क्लबात एकटी होते. पहिल्या मुक्कामाच्या ट्रेकला सासूबाईंनी विचारलं होतं, "आणखी कोण बाई आहे?" मी खोटं बोलले. आजही घरोघरी हाच प्रश्न विचारला जातो. त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. मुक्कामाच्या ट्रेकला किमान तीन बायका, त्यातली एक लीड किंवा शेपूट. झोपायची जागा आधी बघून ठेवलेली, आणि थांबे असे की आडोसा मिळेल. परतीला रात्री उशीर झाला तर प्रत्येकीला दारापर्यंत सोडायचं आणि "पोचले" हा मेसेज आल्याशिवाय लीडनं झोपायचं नाही. हे केलंत की एका वर्षात बायका आपल्या नणंदा-जावांना घेऊन येतात. आमच्याकडे आता निम्म्या आहेत, आणि हिशेबाची वही गेली आठ वर्षं त्यांच्याच हातात आहे.

वही म्हटलं की पैसे आले. आमच्याकडेही एकदा ४,३०० रुपयांचा फरक आला होता. कोणी खाल्ले नव्हते. सामान ठेवायच्या खोलीचं भाडं रोखीत दिलं आणि लिहायचं राहिलं, एवढंच. पण ते सापडेपर्यंत सहा महिने गेले, आणि तोवर खजिनदार क्लब सोडून गेले. ते परत आले नाहीत. तेव्हापासून नियम केला, ट्रेकहून आल्या रात्रीच हिशेब ग्रुपवर, चहाच्या कपापर्यंत. कॉन्ट्री काढायची ती खर्चाला खर्च. उरले तर परत, नाहीतर सर्वांसमोर विचारून क्लबच्या डब्यात. लीडचा खर्च सगळ्यांत वाटायचा की त्यानं स्वतः भरायचा, हे आधीच ठरवा. आमच्यात लीडही भरतो, कारण नाहीतर फुकट फिरायला मिळतं म्हणून लीड व्हायला माणसं येतात. दुसरीकडे वेगळं चालतं आणि तेही चुकीचं नाही, फक्त लपवलेलं नको. वार्षिक वर्गणी तुमच्या गावातल्या कॉलेजच्या पोराला एका महिन्याच्या मोबाईल रिचार्जइतकी वाटावी. त्याहून कमी ठेवलीत तर कोणी भरत नाही, गंमत आहे पण खरं आहे.

आणखी एक दुखरी गोष्ट. पैसे घेऊन ट्रेक नेण्याचा धंदा करणं यात वाईट काही नाही, कित्येक जण तो नीट आणि सुरक्षित करतात. पण क्लब आणि धंदा एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नांदत नाहीत. २०११ मध्ये आमच्यातले चार जण याच कारणानं वेगळे झाले, आणि वेगळं होणं वाईट नव्हतं. त्याआधीची दोन वर्षं, जेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की हा रविवार क्लबचा आहे की कोणाच्या दुकानाचा, ती वाईट होती. तुमचे दोन जुने मेंबर का गेले ते त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन विचारा. ग्रुपवर नाही.

नोंदणी करावी का? करा, पण या वर्षी नको. सात माणसं लागतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था आणि विश्वस्त व्यवस्था अशी दोन्ही नोंदणी होते, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे सगळं करायला वेळ असलेला एक चिकाटीचा माणूस तुमच्याकडे आहे का, हे आधी बघा. नाहीतर पाच वर्षांनी जुन्याच अध्यक्षांच्या सह्या शोधत फिराल. शिवाय राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, त्यातही तुम्हाला प्रशिक्षित माणसं आणि साहित्य दाखवावं लागेल. म्हणून वर्षभर आधी वही, फॉर्म, जोड्या आणि लीड तयार करा. ते असलं की नोंदणी म्हणजे नुसते हेलपाटे उरतात. तोवर राज्यातल्या गिर्यारोहण महासंघाशी ओळख ठेवा, प्रथमोपचार आणि शोध-बचावाची शिबिरं होतात तिथं दोघांना पाठवा. आमच्या भागात महाबळेश्वरच्या ट्रेकर्स मंडळींनी २०१८ च्या आंबेनळी घाटातल्या बस अपघातात दरीत उतरून जे काम केलं, ते एका दिवसाच्या उत्साहातून होत नाही. वर्षानुवर्षं दोर हाताळलेली माणसं होती ती. तुमच्या नव्या पोरांना अशा अपघातस्थळी 'मदतीला' पाठवू नका. गर्दी आवरणं, चहा-पाणी पोचवणं, एवढी मदत पहिली काही वर्षं पुरे.

किल्ल्यांवरच्या श्रमदानाबद्दल एकच सांगते. कचरा उचला, वाटेतलं गवत काढा. पाण्याचं टाकं साफ करणं, ढासळलेला दगड परत रचणं, दरवाज्याला रंग देणं, यातलं काहीही पुरातत्त्व किंवा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. चांगल्या मनानं ओतलेलं सिमेंट काढायला पुढच्या पिढीला फार त्रास होतो. आणि पायथ्याच्या गावात वह्या-बिस्किटं वाटून पोरांसोबत फोटो काढू नका. आम्ही एका गावात तीन वर्षं ते केलं. चौथ्या वर्षी ज्यांच्या घरी जेवायचो त्या आजी म्हणाल्या, "वह्या बास झाल्या बाई, तुम्ही जेवणाचे पैसे पूर्ण देत जा." तेव्हा कळलं, आमच्यातलाच कोणीतरी दरवेळी घासाघीस करत होता. आता भाकरीचा दर आजी ठरवतात.

राहिला टी-शर्ट. आम्हाला आमचा मिळायला अकरा वर्षं लागली, त्यामुळे घाई नको. पण करणारच असाल तर काळा किंवा गडद निळा करू नका. गडद रंगावर मधमाश्या जास्त उठतात, आणि चंदन-वंदनच्या त्या पोरानं त्या दिवशी काळा रेनकोट घातला होता, धुक्यात तो दहा फुटांवरूनही दिसला नाही. आमचा फिकट पिवळा आहे. मळतो फार.